एका बोटाने

"या दाराची रुंदी कशाला मोजताय? गाडी खोलीत आणायचीय की काय?" मालनने विचारलं.

"असू दे," म्हणून हितेंद्रने टेप गुंडाळली आणि तो खाली गेला.

मालन कमरेला हात लावून उभी होती. नुकतीच तिने सासऱ्यांची कूस बदलली होती. अर्धांगवायू झाल्यापासून अप्पांना स्वतःहून वळता येत नव्हतं. डॉक्टरांनी तिलाच बजावलं होतं, कंबर जपा, नाहीतर तुम्हीही अंथरूण धराल.

आणि हितेंद्रला ध्यास गाडीचा. लालबागमधल्या त्यांच्या चाळीमागच्या शेडमध्ये अप्पांची जुनी फियाट टॅक्सी होती. दसऱ्यापर्यंत तिला नवी करतो, असं त्याने अप्पांना सांगितलं होतं. गंज सगळा पोटाखाली. म्हणून तो एक सांगाडा जोडत बसला होता. पुढे एक खांब, मागे एक खांब, मध्ये गाडीची नुसती बॉडी, आणि ती हवी तशी फिरवायची. मालनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाप वर पडलाय आणि लेक गाडीच्या पोटाची सेवा करतोय.

एका संध्याकाळी त्याने तिला खाली बोलावलं. इंजिन, दारं, सीटा काढलेली फियाट दोन खांबांच्या मध्ये अधांतरी होती.

"ढकल. एका बोटाने."

मालनने चिडूनच बोट लावलं. गाडी वळली. सावकाश, भरल्या घरातल्या पाळण्यासारखी ती कुशीवर झाली, मग उताणी. इतक्या वर्षांचा चिखल, गंज, ठिगळं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती थक्क झाली. एवढं धूड, आणि तिच्या बोटाला भारसुद्धा जाणवला नव्हता. तिने पुन्हा फिरवून पाहिलं, लहान मुलीसारखं.

"वजन बरोबर मध्यावर तोललं की जोर लागत नाही," हितेंद्र म्हणाला. मग कान देऊन त्याने बेअरिंगमध्ये तेल सोडलं. "जरा किरकिरतंय अजून."

"गाडीची काय झोपमोड होणारे?"

तो हसला आणि खांबांच्या कडांना रबर गुंडाळत बसला.

"लोखंडाचं नशीब बघा," मालन म्हणाली आणि वर निघून गेली. त्या रात्री तिची कंबर फार दुखली.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार घेऊन ती शेडमध्ये गेली. राग होता, पण अप्पांच्या गाडीला दसऱ्याचा हार कधी चुकलेला नव्हता. गाडी विटांवर टेकवलेली होती. तसाच गंज, तीच ठिगळं, रंगाचा थेंब नाही. खांब गायब.

एवढे दिवस घालवून हे असं. आता अप्पांना काय सांगायचं? ती तणतणत जिना चढली आणि दारातच थांबली.

अप्पांच्या खाटेच्या उशाशी एक खांब होता, पायथ्याशी दुसरा. मध्ये रुंद पट्ट्यांत अप्पा निवांत पडले होते. हितेंद्र घाम पुसत बाजूला सरकला.

मालनने हार डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं एक बोट लावलं.

आवाज न होता अप्पांनी कूस बदलली.