फळ्यावरची टिकली

दहावी ‘ब’मध्ये हजेरीला आता कुणी ‘हजर’ म्हणत नसे. मनगटावरच्या टिकलीत दिसणारा आपल्या ताणाचा आकडा सांगायचा. आकडा चढला की टिकली आपणहून औषध सोडायची, छातीतली धडधड थांबवायची आणि हिरवीगार व्हायची. मग काय, अशा हिरव्या मुलींना शाळा पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत दामटायची.

“घोसाळकर, आकडा?” सावंतबाईंनी विचारलं.

मैथिली उठली. चार महिने तिची पाळी आली नव्हती, केस मुठीमुठीनं गळत होते. कालच डॉक्टर म्हणाल्या होत्या, “ताण झाकलास तरी अंगात साठतोच गं. तुझ्या संप्रेरकांचा तोल पार बिघडलाय.”

तिनं टिकली उपटली आणि आई आंघोळीआधी आरशावर चिकटवते तशी थेट फळ्यावर चिकटवली. सावंतबाईंनी हजेरीपटावर पेन टेकवलं.

“गैरहजेरी मांडीन हं! बोर्डाच्या परीक्षेला बसू देणार नाहीत.”

“गैरहजर कशी? धडधडीत समोर उभी आहे की!” आणि खरंच, कित्येक महिन्यांनी तिची छाती धाडधाड उडत होती. भीती वाटत होती, पण ती तिची स्वतःची होती. “हजर, बाई! हजर!”

मागच्या बाकावरची नसीमा फिसकन हसली. फळ्यावरची टिकली अजून हिरवीगारच होती; आकडा होता शून्य.

“बघा बाई,” मैथिली म्हणाली, “फळा किती शांत आहे! बोर्डाला त्यालाच बसवा.”