चंद्राच्या पाठीमागे

पडद्यावरचा दूरच्या दीर्घिकेचा ठिपका पुन्हा पसरला आणि मृण्मयीनं कपाळाला हात लावला. रेडिओ दुर्बिणीत असे ठिपके केवढे दिसतात, त्यावरून ती विश्वाचा पसारा मोजत होती. त्यासाठीच चंद्राच्या या बाजूला, पृथ्वीवरच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटापासून दूर येऊन राहिली होती. उद्या दुर्बीण दुसऱ्या गटाकडे जाणार होती.

तिनं डोंगरापलीकडच्या नव्या हॉटेलला तारेच्या इंटरकॉमवरून विचारलं, "मोबाइल फोनला बंदी आहे ना? मग सारखं कोण लावतंय? त्याच्या लहरींनी माझं चित्र बिघडतंय."

"एक काकू आहेत, मॅडम. ऐकतच नाहीत. म्हणतात, मुलगी फोन उचलत नाही, म्हणून एवढ्या लांब आले. काढून घेऊ फोन?"

मृण्मयीचा फोन कधीपासून खणात बंद पडला होता. तिनं तो बाहेर काढून सुरू केला.

"नको," ती चिडूनच म्हणाली. "लाव म्हणावं आता. उचलते."