टेकडीवरचं ऊन

वान्नालीनं बांबूच्या तट्टीवरून नदीतल्या शेवाळाचा, पापडासारखा खायचा ताव सोलायला घेतला, तर तो बोटांना चिकटून आला. वरून हिरवा, खालून काळा. वरचे तीळ, लसूण सगळं बुळबुळीत. नाकाशी नेताच तिनं तोंड फिरवलं.

चार दिवस वाळत घातलेल्या चाळीस तट्ट्या अशाच कुजल्या होत्या. धरणाचं पाणी गावाच्या पायरीशी येऊन थांबल्यापासून धुकं दुपारशिवाय उठत नव्हतं, आणि उठलं की तासाभरात ऊन टेकडीआड जायचं.

ऊन होतं ते टेकडीवर, धरणाच्या कचेरीच्या आवारात. तिथली उतरण वाळवणासाठी मिळावी म्हणून तिनं तीन अर्ज दिले होते.

"धुकं कुठं आहे, मावशी?" कचेरीतला सोमफोन साहेब दर वेळी विचारायचा. "आमच्या पेटीत तशी नोंदच नाही."

हवा मोजणारी ती पांढरी पेटी कचेरीच्या दारात, टेकडीवरच उभी होती.

वान्नालीनं कुजका ताव टोपलीत टाकला, टोपली काखेत मारली, आजची एक ओली तट्टी डोक्यावर घेतली आणि चढण धरली. अर्ध्या वाटेवर धुकं पायाखाली राहिलं. वर लख्ख ऊन. तिनं तट्टी पेटीच्या खांबाला टेकवली आणि शेजारी बसली.

"इथं दुकान मांडताय का, मावशी?" पहारेकरी हसला.

"नाही बाबा. मीपण मोजतेय."

दोन वाजता सोमफोन जेवून बाहेर आला. ताव कुडकुडीत वाळला होता. त्यानं न विचारता कोपरा मोडून तोंडात टाकला.

"हे बघा साहेब," वान्नाली उठली, "इथं वाळतं. खाली—"

"झकास वाळलंय की!" तो चावत म्हणाला. त्याच्या दातांत हिरवं अडकलं होतं. "मग जागा कशाला हवी? तक्रारीचा नुसता नाद तुम्हा लोकांना."

त्यानं आणखी एक तुकडा मोडला.

वान्नाली त्याच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं टोपलीतला कुजका ताव काढला आणि तळहातानं पांढऱ्या पेटीवर थापला.

"घ्या नोंद."

तिनं हात काढला, तरी ताव पडला नाही. काळं पाणी ओघळून पेटीच्या फटींत शिरू लागलं. दर्प दारापर्यंत गेला. सोमफोनला तोंडातला घास गिळता येईना, आणि तिच्यासमोर थुंकताही येईना.