रामाचा रावण

"मालक, अकरा बोलपटांत राम झालो. आता रावण द्या, नाहीतर मी चाललो!" दिनकररावांनी स्टुडिओच्या मालकापुढे मुकुट आपटला. रस्त्यात टांगेवाले भाड्याऐवजी आशीर्वाद मागत. पण नट म्हणून शाबासकी कुणीच देत नव्हतं.

मालकांनी रावण दिला. दिनकररावांनी मिशा वाढवल्या, अशी गर्जना केली की म्हणे स्टुडिओची कौलं निसटली.

पहिल्या खेळाला ते शिव्या ऐकायला पिटात बसले. पडद्यावर रावणानं सीतेला उचललं, तशी पुढच्या म्हातारीनं हात जोडले. "आपला रामच आलाय वेष पालटून. पोरीला काही व्हायचं नाही."

दिनकरराव ताडकन उठले. "आजी, मी रावण आहे, रावण! एक शिवी तरी घाला!"

म्हातारीनं वळून थेट पायांवर डोकं ठेवलं. "देवा, गरिबाची किती परीक्षा बघशील?"