साडेआठचं टेबल

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता त्या माणसाला मारायचं होतं, म्हणून डीनाने जेवणासाठी साडेआठचं टेबल मागितलं. त्याला मृत्युदंड द्यायचा होता त्या तुरुंगापासून मोबील शहर तासाभराच्या अंतरावर होतं.

"काही विशेष? वाढदिवस वगैरे?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"नाही," डीना म्हणाली. "नुसतंच जेवायला येतोय."

तिची आई व्हर्ना समोर बसून शेंगांचे दोरे काढत होती. जावई कर्ट दाराशी टेकून उभा होता. नकाशा टेबलावर पसरला होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर मिठाची बाटली ठेवली होती. इंडियानाहून दिवसभर गाडी हाकत जायचं, तर जाऊन नुसतं तेवढंच करून यायचं का, असं डीनाचं म्हणणं होतं. जुनं शहर आहे, समुद्र आहे, दोन दिवस राहू.

डीनाचा भाऊ वेड तिथल्या गोदीत काम करायचा. एका रात्री पेट्रोल पंपाच्या दुकानात तो दूध घ्यायला गेला आणि गल्ला लुटायला आलेल्या त्या माणसाने त्याला गोळी घातली. त्याला वीसेक वर्षं झाली. वेडचं शव घरी आणलं तेव्हाही व्हर्ना तिकडे गेली नव्हती. त्या माणसाचं नाव या घरात कुणी घेत नसे.

"शुक्रवारी सकाळी युद्धनौका," कर्ट म्हणाला.

"आई उन्हात तुझी युद्धनौका बघत फिरणार आहे होय? शुक्रवारी जुनी घरं. दुतर्फा ओकची झाडं आहेत, सावलीसावलीने जाता येतं."

"मी नौका बघेन की," व्हर्ना म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि खाडीत बोट नेतात, असं तू म्हणत होतीस, ती?"

"तीही आहे," डीना म्हणाली. "मावळतीच्या वेळची घेऊ. आणि आई, त्या हॉटेलात कालवं खायची हं. कच्ची. लिंबू पिळून."

"गिळताना जिवंत असतात म्हणे ती," कर्ट म्हणाला.

म्हणून झालं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मग व्हर्नाच हसली. डीनाला हसू आवरेना, कर्टही हसला. या टेबलाशी तिघं मिळून असं हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शेंगा आटोपून व्हर्ना आपल्या खोलीत गेली. नवा ब्लाउज पिशवीतच होता, पिकल्या पीचच्या रंगाचा. दुकानातल्या बाईला तिने खोटंच सांगितलं होतं, नातीच्या लग्नाला जायचंय म्हणून. अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली. शिक्षा काचेतून बघायच्या त्या खोलीत गडद रंगाचं काहीतरी घालावं लागेल. मग हा जेवायला. मध्ये बदलायला वेळ मिळेल का? गाडीतच बदलावा लागेल, आणि केस विस्कटणार.

आपण हे काय मोजतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं. तिने घाईघाईने गुंड्या काढल्या. तरीपण ब्लाउज पिशवीत न कोंबता तिने तो नीट हँगरला लटकवून ठेवला.

फोन वाजला तेव्हा ती स्वयंपाकघरात परतली होती. सरकारी कचेरीतली बाई होती, तीच मऊ आवाजाची, जी प्रत्येक वेळी तारीख कळवायची.

"मिसेस हॉलब्रूक, तुम्ही बसला आहात ना? कोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली आहे."

"म्हणजे गुरुवारी नाही?"

"गुरुवारी नाही. पुढची तारीख कधी लागेल, सांगता येत नाही. कदाचित वर्ष जाईल. फार वाईट वाटतं मला."

व्हर्नाने फोन खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरूनच डीनाला कळलं.

"पुन्हा?" डीना ओरडली. "पुन्हा पुढे ढकललं? खातोय, पितोय, झोपतोय तो मेला तिथे, आणि आम्ही नुसत्या तारखा ऐकायच्या!" तिने नकाशा ओढला. मिठाची बाटली आडवी झाली.

व्हर्ना रडायला लागली. आवाज न करता सुरू झालं आणि मग हुंदके आवरेनात. डीनाने तिला घट्ट कवटाळलं.

"रडू नकोस गं, आई. वेडला न्याय मिळेल. आज नाही तर उद्या, पण मरेल तो. तुझ्या डोळ्यांदेखत मरेल."

व्हर्ना मान हलवत राहिली. त्या माणसाबद्दलचा संताप तिने आत शोधून पाहिला. वेडचा चेहरा आठवून पाहिला. दोन्ही हाताला लागेनात. हाताला लागत होती ती मावळतीची बोट, ओकची सावली, आणि अंगाला एकदाच लागलेलं ते नवं कापड. एवढ्यासाठी आपण रडतोय, आणि पोरीला वाटतंय भावासाठी. हे तिला सांगायचं कसं?

कर्ट ओल्या फडक्याने मीठ गोळा करत होता.

व्हर्नाने एप्रनचा कोपरा पिळला, नाक पुसलं.

"खोल्या तर घेतल्याच आहेत ना," ती म्हणाली. "आपण जाऊ या तरीपण. दोनच दिवस."

डीना मागे सरकली. आईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तिने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"कशाला, आई?" ती हळूच म्हणाली. "आता तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?"