पूर्ण रेंज

रोज सकाळी ऑफिसचं व्हीपीएन लावलं की माझा लिनक्सचा लॅपटॉप घरचं वायफाय सोडून एका बिननावाच्या नेटवर्कवर जायचा. चार वेळा ते यादीतून काढलं, चारही वेळा परत आलं.

लॅपटॉप घेऊन घरभर फिरले. सगळीकडे त्या नेटवर्कची रेंज पूर्ण.

शेवटी तो ताईच्या हातात दिला आणि शेजाऱ्यांना जाब विचारायला निघाले. जिना उतरले तोच तिने हाक मारली.

"अगं, तू गेलीस आणि रेंजही गेली."

मी वर आले. रेंज पुन्हा पूर्ण.

"माझ्यातूनच येतंय ना? मग ठेवायचं की नाही ते मीच ठरवणार," म्हणत मी डिसकनेक्ट दाबलं.

ताईचे ओठ हलत होते, पण मला काहीच ऐकू येईना, रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा नाहीत.

तरी मी ते परत जोडलं नाही.