बाटलीतला वास

बाबांनी नॉर्थ डकोटातल्या आमच्या रानात तेलविहीर खोदली, तळाशी तेल लागलं म्हणाले आणि त्याच हिवाळ्यात गेले. त्यातलं थोडं तेल त्यांनी बाटलीत भरून ठेवलं होतं; हुंगलं की त्यांच्या कोटाची आठवण यायची. आणखी खोल खोदण्याआधी ते कुठल्या खडकातलं, हे तपासायला मी बाटली प्रयोगशाळेत नेली. तिथे काम करणारी बाबांची जुनी मैत्रीण गुद्रुन आलेखावरून मान वर करेना. "पोरी, खडकातल्या तेलात प्राचीन शेवाळाच्या खुणा असतात. यात एकही नाही, म्हणजे हे कारखान्यात शुद्ध केलेलं तेल. खोदताना विहिरीत पाइप अडकला होता का?" "हो." "मग त्या हट्टी म्हाताऱ्याने सोडवायला डिझेल ओतलं असणार. तेच वर आलं." फोन वाजला. भाऊ एस्किल ओरडला, "ताई, गुरं विकली, खोदायचं यंत्र दारात आलंय! गुद्रुन म्हातारीला आटपायला सांग!" मागे आई हसत होती. मी बूच काढलं. बाबांचा कोट कायम ट्रॅक्टरच्या डिझेलने माखलेला असायचा.